दहाच्या नोटा आणि बदललेला जिना

ताई, नमस्कार.

मी चरईत राहते, नोकरी ऐरोलीला. ठाणे स्टेशनच्या पुलावर, दहा नंबरला उतरणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी एक आजी बसतात. गेली दोन वर्षं रोज सकाळी मी त्यांना दहा रुपये देत आले. त्या हात उचलून काहीतरी पुटपुटायच्या, मला बरं वाटायचं. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसातून दुपारीच परतले, तेव्हा पुलावर एक पंचविशीतला मुलगा त्यांच्यापुढे उकिडवा बसलेला दिसला. आजींनी कमरेच्या पिशवीतून नोटांची जाडजूड जुडी काढून त्याला दिली. त्याने मोजली, खिशात घातली आणि गेला. मला कानफटात बसल्यासारखं झालं. घरी सांगितलं तर मिस्टर म्हणाले, "मी कधीचा सांगतोय, टोळ्या असतात या. इंदूरला तर आता देणाऱ्यावरही गुन्हा दाखल करतात." मी हिशोब केला. माझे पाच हजारांच्या वर गेले होते. तेव्हापासून मी दुसऱ्या पुलाने जाते, पाच मिनिटं जास्त लागतात.

मागच्या रविवारी तीन हात नाक्याला आमची रिक्षा सिग्नलला थांबली. एक मुलगी हात पसरून आली. माझ्या लेकीएवढीच असेल, नऊ वर्षांची. मी तोंड फिरवलं. लेक म्हणाली, "आई, तू स्टेशनवरच्या आजींना देतेस ना? मग हिला का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. ताई, द्यावं की नाही? आणि द्यायचं तर कुणाला, कशासाठी?

एक ठाणेकर, चरई

*

नमस्कार.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती जास्तीची पाच मिनिटं. आपण फसलो असं ज्याला मनापासून वाटतं तो चिडतो, दोन शब्द सुनावतो, नाहीतर समोरून न देता निघून जातो. तुम्ही मात्र सकाळच्या गर्दीत, गाडी चुकायची भीती असताना, लांबचा पूल धरता, कारण आजींच्या नजरेला नजर द्यायला नको वाटतं. यात राग कमी आणि शरम जास्त आहे असं मला वाटतं. ती शरम कसली आहे ते कळलं की द्यावं की नाही या प्रश्नाचा गुंता बराच सुटेल.

आधी त्या जुडीबद्दल बोलू. दहाच्या पन्नास चुरगळलेल्या नोटा एकावर एक ठेवून बघा. चांगली मूठभर जुडी होते, आणि होतात पाचशे रुपये. भीक मागणाऱ्याचा पैसा सगळा सुट्ट्यात असतो, म्हणून तो असतो त्याहून खूप जास्त दिसतो. आता हा पैसा त्या बाईने ठेवायचा कुठे? बँकेत खातं काढायचं तर आधारसारखा ओळखीचा कागद हवा, पत्ता हवा. रात्री उघड्यावर झोपणाऱ्या म्हातारीच्या कमरेची पिशवी सकाळपर्यंत तिथेच राहील याची खात्री कुणी देत नाही. म्हणून ही माणसं आपला पैसा कुणाकडे तरी ठेवायला देतात. कुणी टपरीवाल्याकडे, कुणी ओळखीच्या वाण्याकडे, कुणी पुतण्याकडे. नोकरीत असताना अशा कितीतरी जणांशी मी बोलले आहे आणि "पैसे कुठे ठेवता?" या प्रश्नाला मला बहुतेक वेळा एखाद्या माणसाचं नाव ऐकायला मिळालं आहे.

तेव्हा तो मुलगा नातू असू शकतो, आजींच्या पैशावर घर चालवणारा किंवा त्यांच्याच पैशाची दारू पिणारा. तो त्यांचा पैसा सांभाळणारा असू शकतो. आणि हो, तिथे बसू देण्याचा वाटा उकळणाराही असू शकतो. यातलं काय खरं आहे हे मला ठाऊक नाही, तुम्हाला नाही, तुमच्या मिस्टरांनाही नाही. पण मला इथे जाणवतं ते असं की हे तुम्हाला ठाऊक असू शकलं असतं. दोन वर्षं, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे पाचशेहून जास्त वेळा तुम्ही एकमेकींसमोर आलात. आजी कुठल्या, घरी कोण असतं, रात्री झोपतात कुठे, यातलं एकही वाक्य तुमच्या पत्रात नाही. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. सकाळच्या गाडीच्या वेळेला कुणाला थांबायला फुरसत असते? पण म्हणूनच ती जुडी बघितल्यावर तिचा अर्थ लावायला तुमच्याकडे आजींबद्दलची काहीच माहिती नव्हती, आणि मिस्टरांनी सांगितलेला अर्थ आयता हाताशी होता.

मिस्टरांचं सगळंच चुकीचं आहे असंही मी म्हणणार नाही. भीक मागायला लावणारे लोक असतात, आणि कायद्याने ते फार आधीच ओळखलं आहे. महाराष्ट्रात लागू असलेल्या १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध कायद्यात दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा आहे. लहान मुलांना या कामाला लावणाऱ्यासाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. पण 'टोळ्या असतात' हे खरं असलं तरी त्यावरून 'ही बाई टोळीतली आहे' हे ठरत नाही. आणि समजा ती खरोखर कुणाच्या तावडीत असेल, तर ती गुन्हेगार की सापडलेली? त्या शंकेने आपण तिच्यापासून लांब जातो. खरं तर तिथे जास्त जवळ जायला हवं.

इंदूरची बातमी खरी आहे. तिथे २०२५ च्या सुरुवातीपासून प्रशासनाच्या आदेशाने भीक देणाऱ्यावरही गुन्हे नोंदवले गेले. आपल्या ठाण्यात तसं नाही. आपल्याकडचा कायदा मागणाऱ्याला धरतो, देणाऱ्याला नाही, आणि मागणाऱ्याला तो फार कठोरपणे धरतो. पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येतं, पहिल्या वेळेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास ती मुदत दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. गाणं म्हणून, भविष्य सांगून, किरकोळ वस्तू विकायच्या निमित्ताने हात पसरणंही त्यात येतं. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्यापुरतं भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. २०२१ मध्ये कोविडच्या काळात भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवा अशी मागणी घेऊन कुणी सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयाने ती मान्य केली नाही. शिक्षण आणि रोजगार नसल्यामुळे माणसं हात पसरतात, हा त्याचा सूर होता. महाराष्ट्रात मात्र जुना कायदा अजून उभा आहे. म्हणजे त्या पुलावर तुम्ही दहा रुपये देता तेव्हा तुम्हाला कसलीच भीती नाही, आणि घेणारी बाई कुठल्याही दिवशी उचलली जाऊ शकते. रेल्वेच्या हद्दीत तर मागायला मनाईच आहे. आजी एखाद्या दिवशी जिन्यापाशी दिसल्या नसतील, तर त्याचं कारण हेही असू शकतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण ते तुमच्या जिन्याशी जोडलेलं आहे.

निवृत्त होण्याआधी मी नऊ वर्षं एका तालुक्याच्या कार्यालयात निराधार योजनांचे अर्ज तपासायची. एकदा एक आजोबा आले होते. हातमागावर आयुष्य गेलेलं, बायको वारलेली, मूलबाळ नाही. अर्ज नीट भरलेला होता, पण वयाचा दाखला जोडलेला नव्हता. ते म्हणाले, "बाई, आमच्या गावात जन्म कोण लिहून ठेवत होतं?" वैद्यकीय अधिकाऱ्याकडून वयाचा दाखला घेता येतो, हे मला माहीत होतं. त्यांना ते सांगायला, कुठे जायचं ते कागदावर लिहून द्यायला पाच मिनिटं लागली असती. त्या दिवशी टेबलावर ढीग होता. मी अर्जावर 'अपूर्ण' असा शेरा मारला आणि परत दिला. चार महिन्यांनी ते मला एका देवळाच्या पायऱ्यांवर दिसले, पुढे फडकं अंथरलेलं. त्यांनी मला ओळखलं आणि मान खाली घातली. मान त्यांनी घातली, मी नाही. मी पन्नासची नोट फडक्यावर टाकली आणि झपझप चालत सुटले. त्यानंतर कितीतरी महिने मी त्या देवळाच्या रस्त्याने गेले नाही.

म्हणून तुमचा लांबचा पूल मला लगेच ओळखता आला. त्या पन्नासच्या नोटेने आजोबांचं काहीतरी भागलं असेल, एक-दोन वेळचं जेवण झालं असेल. पण ती मी त्यांच्यासाठी टाकली नव्हती. तिथून सुटण्यासाठी टाकली होती. आपण देतो त्यातले पुष्कळसे पैसे असेच असतात. समोरचा माणूस लवकर नजरेआड व्हावा म्हणून दिलेले.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्याच्या दाराशी मागणारा यायचा तो "भाकर वाढ गं माय" म्हणायचा. 'दे' म्हणायचा नाही, 'वाढ' म्हणायचा. वाढतो आपण पंगतीला बसलेल्याला, घरच्याला, पाहुण्याला. तो एक शब्द वापरून तो माणूस उंबऱ्याच्या बाहेर उभा राहूनही जेवायला बसलेला व्हायचा. नाही म्हणायचं असलं तर माझी आजी "पुढे जा बाबा" म्हणायची, तेही स्वयंपाकघरातून दारात येऊन, त्याच्याकडे बघून. पहाटे वासुदेव यायचा, सुपातलं धान्य झोळीत पडलं की "दान पावलं" म्हणायचा, आणि ते कुणाकुणाला पावलं त्या देवांची नावं घ्यायचा. दिलेलं पोचलं याची ती पावतीच होती. त्या काळात सगळं छान होतं असं माझं म्हणणं नाही. उंबऱ्याच्या आत कुणाला घ्यायचं नाही याचे नियम फार क्रूर होते, आणि वाढलेलं अन्न पुष्कळदा शिळंपाकं असायचं. पण दार होतं. आज आपल्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे, मागणारा जिन्यापर्यंत पोचतच नाही. तो आपल्याला भेटतो फक्त स्टेशनच्या पुलावर, गाडीत आणि सिग्नलला, म्हणजे नेमका तिथे, जिथे आपल्याला थांबायला वेळ नाही. मग आपण तीन सेकंदांत त्याची परीक्षा घेतो. हात धड आहेत का? वय किती? कपडे किती फाटलेत? तोंडाला वास येतोय का? सत्पात्री दान करायचं म्हणून आपण पात्र शोधतो, आणि बहुतेक वेळा आपल्याला दिसतो तो फक्त वेश.

हे तीन सेकंदांचं न्यायाधीशपण सोडून द्या, असं मी तुम्हाला सांगेन. ते कुणालाच जमत नाही. ज्याला खरी गरज आहे तो नीट कपडे घालून अवघडलेला उभा असतो आणि त्याला मागताही येत नाही. ज्याला सरावाने जमतं त्याचा आवाज आपल्या काळजाला भिडतो. "धडधाकट आहेस, काम का करत नाहीस?" असं विचारणाऱ्यांना मला गाडगेबाबांची आठवण द्यावीशी वाटते. ते स्वतः गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, रस्ते झाडायचे आणि मगच भाकरी घ्यायचे. फुकट खाणं त्यांना मुळीच चालत नसे. पण हा नियम त्यांनी स्वतःला लावला. लोकांना जी दहा कामं सांगितली त्यात भुकेल्याला अन्न पहिलं आहे. बेकाराला रोजगार त्या यादीत आहेच, पण बराच खाली. भुकेल्या माणसाने आधी काम दाखवावं अशी अट त्यांनी घातली नाही.

मग का द्यायचं? दहा रुपयांनी गरिबी हटत नाही, आणि हटणार नाही म्हणून देऊ नये हा हिशोबही मला पटत नाही. चहा आणि बटर दहा-पंधरा रुपयांत होतं. ते पोटात गेल्यावर माणसाची दुपार जरा सोपी जाते. पुण्यासाठी म्हणाल तर मी त्या वाटेला जात नाही. शनिवार, अमावास्या बघून दिलं की समोरचा माणूस आपल्या हिशोबवहीतली एक ओळ होतो. मी देते ते एवढ्याचसाठी की मी त्याला पाहिलं आहे आणि माझ्याकडे आहे. त्याने त्या पैशाचं काय करावं हा त्यानंतर त्याचा प्रश्न. तुमचा पगार झाला की तो कुठे खर्च केलात हे ऑफिस विचारत नाही. आजींनी नातवाला दिले असतील, तर नातवाला पैसे देणारी ती काही जगातली पहिली आजी नाही.

याला माझा एकच मोठा अपवाद आहे, आणि तिथे मी ठाम आहे. लहान मुलांच्या हातात पैसे द्यायचे नाहीत. पाच रुपयेसुद्धा नाहीत. त्यांच्याकडून गजरा, पेन, झेंडासुद्धा घ्यायचा नाही. घ्यायचंच असेल तर बाजूला बसलेल्या त्यांच्या आईकडून घ्या. लहान चेहरा बघून लोक पटकन देतात, म्हणून मूल मोठ्यांपेक्षा जास्त कमावतं, आणि घरात सगळ्यात जास्त कमावणाऱ्याला शाळेत कोण पाठवणार? ते मूल रोज जेवढं आणतं, तेवढा शाळेत जाण्याचा खर्च वाढतो. फी नसली, वह्या-पुस्तकं फुकट मिळाली, तरी तो वाढतो. यात आई-बाप वाईट असायची गरज नाही. पोट हातावर असलं की हे आपोआप घडतं.

तुमची रिक्षा ज्या तीन हात नाक्याला थांबली, तिथलंच उदाहरण देते. त्या उड्डाणपुलाखाली ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी २०१६ च्या जूनमध्ये सिग्नल शाळा सुरू केली. कंटेनरमध्ये वर्ग भरवले. मराठवाड्यातल्या दुष्काळी भागातून आलेली, पुलाखालीच राहणारी कुटुंबं होती. त्यांची मुलं सिग्नलवर हात पसरत होती, गजरे विकत होती. त्यांना लांबच्या शाळेत घाला म्हटलं असतं तर कुणी घातलं नसतं. म्हणून शाळाच मुलांपाशी आणली. आंघोळ, जेवण, अभ्यास सगळं तिथे. २०१८ साली तिथली दोन मुलं दहावी पास झाली. सिग्नलवर वाढलेली मुलं, आणि बोर्डाची परीक्षा! त्या मुलांना आपण गाडीची काच खाली करून दिलेल्या पाच-दहा रुपयांनी पुढे नेलं नाही. उलट त्यांना वर्गातून पुन्हा सिग्नलवर ओढत होते ते तेच पाच-दहा रुपये.

तेव्हा लेकीला हे खरं खरं सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला समजतं. "आजी म्हाताऱ्या आहेत, त्यांना आता काम होत नाही, म्हणून मी त्यांना पैसे देते. ती मुलगी तुझ्याएवढी आहे, तिने शाळेत जायला हवं. मी पैसे दिले तर उद्या तिला पुन्हा सिग्नलवरच पाठवतील." यावर लेक विचारेल, "मग ती आज जेवली असेल का?" विचारू दे. बॅगेत राजगिऱ्याचा लाडू, केळं, बिस्किटाचा पुडा असू द्या आणि तो लेकीच्या हातून द्या. तिथल्या तिथे फोडून द्या, म्हणजे तो पोटातच जातो, दुकानात परत जात नाही. आणि एखादं मूल जखमी दिसलं, दिवसभर गुंगीत असल्यासारखं कुणाच्या तरी कडेवर दिसलं, कुणी मारताना दिसलं, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालतो. जागा नीट सांगा, कुठला सिग्नल, पुलाची कुठली बाजू. पण त्या दिवशी तोंड फिरवलंत ते पुन्हा करू नका. द्यायचं नसलं तरी बघून "नाही गं बाळा" म्हणता येतं. लेकीला तुमचं न देणं खटकलं असेल, पण तिने पाहिलं ते तुमचं फिरलेलं तोंड.

अनोळखी मोठ्या माणसांसाठी माझी पद्धत साधी आहे. महिन्याला ठरावीक रक्कम सुट्टी करून पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवते. कप्प्यात आहे तोवर जो मागेल त्याला देते, तपासत नाही. संपलं की "आज नाही, माफ करा" म्हणते, आणि मग मनाला खात नाही. गाडीत गाणं म्हणणाऱ्या आंधळ्या जोडप्याला, टाळी वाजवत येणाऱ्या तृतीयपंथीयांना याच कप्प्यातून. "जालन्याला जायचंय, पाकीट मारलं" म्हणणाऱ्याला मी तिकीट काढून देते म्हणते. आला तर काढते, नाही आला तर सोडून देते. बाळासाठी दुधाच्या पावडरचा डबा मागणाऱ्या बाईला डबा न देता दूध आणि बिस्किटं घेऊन देते, कारण बंद डबा परत विकला जातो असं औषधाच्या दुकानवाल्यांनीच मला सांगितलं आहे.

पैशाचा काहीच उपयोग नाही असा माणूसही आपल्याला दिसतो. जटा वाढलेल्या, अंगावर चिंध्या, स्वतःशीच बोलणारा, कचऱ्यातलं उचलून खाणारा. तो बहुतेक वेळा भिकारी नसतो, आजारी असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला संरक्षणात घेऊन सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी नेण्याची जबाबदारी पोलीस ठाण्यावर टाकली आहे, आणि ठाण्यात तर १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे. रस्त्यावरच्या अशाच मनोरुग्णांना उचलून, बरं करून घरी पोचवण्याच्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या श्रद्धा संस्थेचं केंद्र आपल्या शेजारी कर्जतला आहे. मिस्टर म्हणत असतील की भिकाऱ्याला देण्यापेक्षा संस्थेला द्यावं, तर तेही उत्तम आहे. फक्त ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खरोखर जाऊ दे. नुसतं बोलण्यातलं संस्थेला देणं म्हणजे कुणालाच न देणं.

आता आजी. त्यांच्याबाबत कप्प्याचा नियम लावू नका, कारण त्या तुम्हाला अनोळखी नाहीत. दोन वर्षं रोज भेटलेलं माणूस अनोळखी कसं?

सोमवारी घरातून पंधरा मिनिटं लवकर निघा आणि जुन्या जिन्याने जा. उभ्याने बोलू नका, त्यांच्याजवळ खाली बसा. लोक बघतील, बघू दे. "आजी, दोन महिने आले नाही, मला एक विचारायचं होतं" असं सरळ म्हणा. तुम्ही दुपारी काय पाहिलंत ते सांगा आणि तो मुलगा कोण ते विचारा. आवाजात जाब नको. नातू म्हणाल्या तर तो काय करतो, त्या त्याच्याकडे का राहत नाहीत, ते विचारा. त्या गप्प झाल्या, इकडेतिकडे बघू लागल्या, तर तिथे ताणू नका. त्या मुलाला गाठून जाब विचारायला तर मुळीच जाऊ नका, त्याची शिक्षा तुम्ही गेल्यावर आजींना भोगावी लागेल. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, त्यावर बोलून सल्ला घ्या.

आणि मग तुमच्या दहा रुपयांहून फार मोठी एक गोष्ट तुम्ही करू शकता. आजींना विचारा की आधार कार्ड आहे का, रेशन कार्डात नाव आहे का, महाराष्ट्रात किती वर्षं झाली. पासष्टच्या पुढच्या निराधार माणसासाठी श्रावणबाळ योजना आहे, त्याच्या आतल्यांसाठी संजय गांधी निराधार योजना. महिन्याला दीड हजार रुपये खात्यात येतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत आणि राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. अर्ज तहसील कार्यालयात जातो. वाचायला सोपं आहे, पण पुलावर बसणाऱ्या बाईला यातला प्रत्येक कागद म्हणजे एक डोंगर आहे. आधार नाही म्हणून खातं नाही, पत्ता नाही म्हणून आधार नाही, आणि खिडकीपाशी कुणी नीट बोलत नाही म्हणून ती पुन्हा तिथे जात नाही. हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिलं आहे. तिच्यासोबत नीट मराठीत बोलणारी, 'कुठला कागद कमी आहे ते लिहून द्या' असं म्हणणारी एक बाई उभी राहिली की तोच अर्ज पुढे सरकतो. तुम्हाला दोन-तीन दिवसांची रजा टाकावी लागेल, वयाच्या दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात एक फेरी होईल. कदाचित अर्ज बसणारही नाही. त्या परराज्यातल्या असतील, मुलाचं नाव रेशन कार्डात लागलेलं असेल. तरी निदान कुठे अडलं ते कळेल.

त्या दहा रुपयांचं काय, असं तुम्ही विचाराल. चालू ठेवा. पेन्शन लागेपर्यंत चालू ठेवा आणि लागल्यावरही, वाटलं तर.

दोन महिने बराच काळ आहे. आजी तिथे नसल्याही तर परत फिरू नका. त्या जिन्याच्या आसपास बूट पॉलिशवाला असेल, चहाचा स्टॉल असेल, केळी विकणारी बाई असेल. त्यांना विचारा. गावाला गेल्या, दवाखान्यात आहेत, उचलून नेलं, दुसऱ्या पुलावर बसतात, हे त्यांना नक्की ठाऊक असतं. आणि काय कळलं ते मला लिहा. अर्जाचे कागद मी तपासून देईन.